रेशनकार्ड समोर ठेवून शिकलेलं इंग्रजी

लग्नानंतर नवऱ्याकडे इंग्लंडला जायचं असेल तर व्हिसाच्या अर्जासोबत इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला द्यावा लागतो. तिकडे कायमच्या राहिलेल्या लोकांच्या जोडीदारांसाठी ब्रिटनने हा नियम 29 नोव्हेंबर 2010 पासून लागू केला. पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर सूट मिळू शकते. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, म्हणून परीक्षा द्यायचीच होती. परीक्षेचं नाव ‘आयेल्ट्स लाइफ स्किल्स’, पातळी ए-वन, म्हणजे सगळ्यात खालची. तिच्यात लिहायचं-वाचायचं काही नसतं, फक्त ऐकायचं आणि बोलायचं. वेळ 16 ते 18 मिनिटं.

‘सोपी असते गं, काही काळजी करू नकोस,’ असं मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. हे सांगणारे बहुतेक जण इंग्रजी शाळेत शिकलेले. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ही परीक्षा अवघड नाही हे खरं, पण तिची तयारी कशी करायची हे कुणी नीट सांगत नाही. मग मुली मोबाइलवरून शब्दांच्या याद्या उतरवून घेतात आणि ‘फादर म्हणजे वडील, मदर म्हणजे आई’ असं घोकत बसतात. अशी पाठ केलेली यादी तोंड उघडायची वेळ आली की कामाला येत नाही. मला काय उपयोगी पडलं ते म्हणूनच लिहिते आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं तेव्हा आमचा वर्ग पुढे गेलेला होता. पाचवी ते बारावी आणि पुढे कॉलेजातही इंग्रजीचे पेपर मी दिले, पास झाले, पण इंग्रजीत कुणाशी चार वाक्यं बोलायची वेळ कधी आली नाही. कराडजवळच्या आमच्या गावात ती येणार तरी कुठून? धडा वाचायचा, प्रश्नाचं उत्तर धड्यातून शोधून लिहायचं, एवढंच इंग्रजी.

सासरी आमच्याच गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. हायस्कूलला इंग्रजी शिकवायच्या. सासूबाई त्यांच्याकडे जाऊन बोलल्या आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी माझा क्लास सुरू झाला. बाईंनी आधी परीक्षेचे विषय बघून घेतले. स्वतःची माहिती, घरची माणसं आणि मित्रमैत्रिणी, खरेदी, काम, आरोग्य, फावला वेळ, शिक्षण, प्रवास, घर, हवामान. यादी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “आपण माणसांपासून सुरू करू. दवाखान्यात जाणार ते घरचंच कुणीतरी, कामाला जाणार तेही घरचंच. माणसं सांगता आली की बाकीचं त्यांच्यामागून येतं.”

पहिल्या दिवशी त्यांनी मला नवं काही शिकवलं नाही. मला काय काय येतं ते फक्त ऐकून घेतलं. आणि तिथेच कळलं की आपल्या घरात इंग्रजी शब्द भरपूर आहेत, पण ते आता मराठीच झालेले आहेत. आम्ही बायका नवऱ्याला ‘मिस्टर’ म्हणतो. “माझे मिस्टर लेस्टरला असतात,” हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत होते. बाई म्हणाल्या, “नुसतं मिस्टर म्हणत नाहीत गं तिकडं. त्याच्यापुढं आडनाव लागतं. तू हजबंड म्हण.” पुरुष ‘फॅमिलीला घेऊन आलोय’ म्हणतात तेव्हा त्यांना बायको म्हणायचं असतं. ‘कझिन ब्रदर’, ‘कझिन सिस्टर’ आपण सर्रास म्हणतो, तिकडे नुसतं कझिन पुरतं. सख्ख्या भावाला ‘रिअल ब्रदर’ म्हणायची गरज नसते, ब्रदर म्हटलं की तो सख्खाच. जावेला कुणी कुणी ‘को-सिस्टर’ म्हणतात, तो शब्द लेस्टरच्या शेजारणीला समजणार नाही. हे सगळे शब्द बाईंनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावले आणि वर शीर्षक दिलं, ‘घरी चालतील, परीक्षेत नको.’

दुसरी अडचण आमच्या भागाची. कराड-सांगली-कोल्हापूरकडे सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मीही तसंच म्हणते. इंग्रजीत बोलायला गेलं की मनात आधी आत्या येते, आणि आत्या म्हणजे आंट, अंकल म्हणजे मामा, असं तोंडातून निघून जातं. ऐकणाऱ्याला वाटणार, ही लग्नानंतर मामाच्या घरी राहते. बाईंनी यावर उपाय सांगितला तो असा की हाक आणि नातं वेगळं ठेवायचं. हाक मारताना आत्याच म्हण, पण ‘ही तुझी कोण’ असं कुणी विचारलं की मदर-इन-लॉ.

इथपर्यंत ठीक होतं, पण शब्द सुटे सुटेच राहत होते. मला नीफ्यू म्हणायचं की नीस, सन-इन-लॉ की ब्रदर-इन-लॉ, हे दर वेळी मनात मराठीतून फिरून यावं लागायचं. तेव्हा बाईंनी मला आमचं रेशनकार्ड घेऊन यायला सांगितलं.

केशरी कार्ड, मामांच्या नावाचं. आतल्या पानावर नाव, वय आणि कुटुंबप्रमुखाशी नातं. मामांच्या आई, म्हणजे आमच्या आजी. मग आत्या, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि मुलगी. ह्यांचं नाव परदेशी गेल्यावर कमी केलेलं आणि माझं अजून माहेरच्या कार्डावर. त्यामुळे आम्हा दोघांच्या ओळी मी वहीत स्वतःच वाढवल्या. बाई म्हणाल्या, “आता तू मामा आहेस असं समज आणि सगळ्यांची ओळख करून दे.” कार्डावर नाती मामांपासून लिहिलेलीच होती. शी इज माय मदर. शी इज माय वाइफ. ही इज माय सन. ही इज माय ग्रँडसन. आणि मी? डॉटर-इन-लॉ.

मग त्यांनी कुटुंबप्रमुख बदलला. आजी प्रमुख झाल्या की मामा सन झाले, दीर ग्रँडसन झाले आणि जावेची मुलं ग्रेट-ग्रँडचिल्ड्रन. जाऊबाई प्रमुख झाल्या की मामा फादर-इन-लॉ. पुतण्या प्रमुख झाला की मामा ग्रँडफादर आणि मी आंट. माणूस एकच, बोट दाखवणारा बदलला की शब्द बदलतो. रोज संध्याकाळी आम्ही नवा प्रमुख निवडायचो. आठवडाभरात सगळे शब्द इतके अंगवळणी पडले की मराठीतून फिरून यायची गरज उरली नाही. शब्दाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी असली की तो पक्का बसतो. मी कुणाची तरी नीस आहे आणि ते माझे अंकल आहेत, हे एकदमच शिकायचं. मी आज कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगेन, यादी ठेवून द्या आणि रेशनकार्ड काढा.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप शिकून झाली. इन-लॉ लावलं की सासरची सगळी माणसं होतात खरी, पण नणंदही सिस्टर-इन-लॉ, जाऊही सिस्टर-इन-लॉ आणि माहेरची वहिनीही सिस्टर-इन-लॉ. कोणती ते सांगायचं तर वाक्य लागतं. “शी इज माय हजबंड्स सिस्टर.” “शी इज मॅरीड टू माय हजबंड्स ब्रदर.” या ‘हजबंड्स’मधला शेवटचा स बाईंना स्पष्ट ऐकू यायला हवा असायचा. आपण तो खाऊन टाकतो. तो ऐकू आला नाही की पुढे ‘ब्रदर’ कुणाचा तेच हरवतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि स गेला की तिथूनच “स, स!” म्हणायच्या.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो मात्र शब्दांना नाही, तर ‘ते’ला. मामा मोठे, त्यांना आपण ‘ते आले’ म्हणतो. तो आला म्हटलं तर घरात कुणीतरी वर बघेल. इंग्रजीत तेच मनात धरून माझ्या तोंडी यायचं, “माय फादर-इन-लॉ आर अ फार्मर, दे गेट अप अर्ली.” एकट्या मामांना ‘ही’ (he) म्हणायला जीभ वळत नव्हती. अपमान केल्यासारखं वाटायचं, हे मी मनापासून सांगते. बाईंनी समजावलं की तिथे मान आवाजात असतो, शब्दाच्या वचनात नसतो. तिथले लोक राणीलाही ‘शी’ म्हणायचे. सवय व्हावी म्हणून मी मामांच्या दिवसाचं वर्णन रोज मोठ्याने करायचे. ही गेट्स अप ॲट फाइव्ह. ही ड्रिंक्स टी. ही गोज टू द फार्म. मामा ओसरीवर बसलेले असायचे. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळायचं. एकदा म्हणाले, “चहाच्या आधी मी अंघोळ करतो, ते राहिलं.” मग ‘ही टेक्स अ बाथ’ वाढलं. बाईंनी ते ऐकून ‘हॅज अ बाथ’ करून दिलं, ब्रिटनमध्ये तसंच म्हणतात.

घरातली सगळी माणसं यात ओढली गेली. पुतण्या इंग्रजी शाळेत दुसरीला, तो माझा परीक्षक. शाळेतल्या मॅडमसारखं पेन्सिल हातात धरून विचारायचा, “काकी, हू इज धिस?” आणि भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतल्या एकेका माणसावर पेन्सिल ठेवायचा. आत्यांनी एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, “काय गं, ह्यांना काय म्हणायचं मग इंग्रजीत?” मी म्हटलं, हजबंड. त्यांनी तो शब्द दोनदा मनाशी म्हणून बघितला आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

पुढचा टप्पा प्रश्न विचारण्याचा. याकडे फार मुली दुर्लक्ष करतात आणि नुकसान करून घेतात. या परीक्षेत परीक्षकासमोर दोन उमेदवार एकत्र बसतात आणि त्यांनी एकमेकांशीही बोलायचं असतं. तुम्ही माहिती कशी देता एवढंच बघत नाहीत, समोरच्याकडून माहिती कशी काढून घेता हेही बघतात. आपल्या शाळेत प्रश्न नेहमी गुरुजी विचारतात, मुलांनी फक्त उत्तर द्यायचं. त्यामुळे ‘हॅव यू गॉट एनी ब्रदर्स?’, ‘व्हेअर डू युअर पेरेंट्स लिव्ह?’, ‘व्हॉट डज युअर सिस्टर डू?’, ‘हाउ ओल्ड इज ही?’ हे प्रश्न तोंडात बसवायला वेगळा सराव लागला. जाऊबाई दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी रात्री भांडी झाल्यावर माझ्यासमोर बसून मराठीत उत्तरं द्यायची आणि मी इंग्रजीत प्रश्न विचारायचे, असं आम्ही ठरवलं. काही दिवसांनी त्या अर्धी उत्तरं इंग्रजीत द्यायला लागल्या.

नावाची अक्षरं सांगण्याचा सरावही वेगळा हवा. परीक्षेची सुरुवातच नाव सांगा आणि त्याचं स्पेलिंग सांगा इथून होते. आपल्याकडे यम, यन, यल, यच म्हणायची सवय असते. ए म्हटलं की ई लिहिलं जातं, ई म्हटलं की आय. माझ्या आडनावात एच आणि व्ही दोन्ही आहेत, ते मी सावकाश, एकेक सुटं म्हणायला शिकले. वयांचंही तसंच. थर्टीन आणि थर्टी, फोर्टीन आणि फोर्टी कानाला सारखेच वाटतात. टीन असेल तर जोर शेवटी, टी असेल तर सुरुवातीला. ब्रिटिश कौन्सिलच्या इंग्रजी शिकण्याच्या संकेतस्थळावर सोपे संवाद फुकट ऐकायला मिळतात, ते मी जेवण झाल्यावर इअरफोन लावून ऐकायचे. पहिले काही दिवस नुसता गोंगाट वाटतो, ऐकत राहावं.

परीक्षा मुंबईला होती. आदल्या दिवशी थोरल्या दिरांबरोबर कोयना एक्सप्रेसने गेले. केंद्रावर पासपोर्ट तपासला, मोबाइल बाहेर ठेवायला लावला आणि आम्हाला थांबवलं. जोडीला कोण मिळणार हे आधी माहीत नसतं. मला मुलुंडची एक गुजराती मुलगी मिळाली, तिचा नवराही लेस्टरलाच. आत बोलावल्यावर परीक्षक बाईंनी नाव विचारलं, अक्षरं विचारली, कुठली ते विचारलं. आवाज रेकॉर्ड होत असतो. मग आम्हाला घरच्या माणसांबद्दल एकमेकींशी बोलायला सांगितलं.

ती आधी बोलली. आई, वडील, दोन भाऊ असं सगळं व्यवस्थित सांगत गेली आणि म्हणाली, “अँड आय हॅव टू मासी इन लंडन.” तिथे ती अडकली. मासी इंग्रजीत नाही हे तिच्याही लक्षात आलं, पण पुढचा शब्द येईना. मासी म्हणजे मावशी हे मला कळलं. मी विचारलं, “युअर मदर्स सिस्टर्स?” तिचा चेहरा मोकळा झाला. “येस, येस, माय मदर्स सिस्टर्स. माय आंट्स.” मग मी विचारलं, “डू दे वर्क?” आणि ती पुन्हा बोलायला लागली. एक दुकानात होती, एक शाळेच्या स्वयंपाकघरात. माझी पाळी आली तेव्हा तिने मला विचारलं की मी कुणाबरोबर राहते. मी रेशनकार्ड डोळ्यांसमोर आणलं आणि वरून खाली सांगत गेले. माय हजबंड्स ग्रँडमदर, माय फादर-इन-लॉ, ही इज अ फार्मर. ‘ही’ बरोबर आलं. नंतर रेकॉर्डिंग दोनदा ऐकवून प्रश्न विचारले, आणि शेवटी दोघींनी मिळून एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं. वेळ कसा गेला कळलं नाही.

साधारण आठवड्याने निकाल आला, पास. यात गुण नसतात, पास किंवा नापास एवढंच. मग क्षयरोगाची तपासणी, अर्ज, कागदपत्रं. अर्जात माझ्या आईवडिलांची नावं, जन्मतारखा, नागरिकत्व सगळं विचारलेलं होतं. तो मी स्वतः भरला.

लेस्टरला आल्यावर पहिल्याच महिन्यात डॉक्टरांकडे नाव नोंदवायला गेले. तिथल्या अर्जावर विचारलं होतं, ‘नेक्स्ट ऑफ किन’. हा शब्द बाईंच्या वहीत नव्हता. काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्यांनी सांगितलं, तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा ते लिहा. मी ह्यांचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात हजबंड. असे शब्द इथे रोज भेटतात. आईला मम, आजीला नॅन, लग्न न करता एकत्र राहणाऱ्याला पार्टनर, आईच्या किंवा बाबांच्या दुसऱ्या लग्नामुळे आलेल्या भावाला स्टेपब्रदर, घरात आजारी माणसाचं सगळं करणाऱ्याला केअरर. बसचा ड्रायव्हर तिकीट देताना ‘मी डक’ म्हणतो, ती या भागातली प्रेमाने मारायची हाक आहे, वयाची अट नाही. बेलग्रेव्ह रोडवर भाजी घ्यायला गेलं की दुकानदार मला बेन म्हणतो आणि मी त्याला भाई. तिथे इंग्रजीची गरजच पडत नाही, म्हणून मी भाजी मुद्दाम दुसरीकडून आणते.

पहिला व्हिसा 33 महिन्यांचा असतो. तो वाढवायच्या आधी ए-टूची परीक्षा द्यायची आहे आणि तिची तयारी सुरू केली आहे. कोण कोणाचं कोण हे आता येतं, पण पुढच्या पातळीवर त्यांच्याबद्दल काय झालं आणि काय होणार हेही सांगता यायला हवं. मी आजींची हकिकत इंग्रजीतून सांगायला घेतली आहे. त्यांनी कराडच्या बाजारात भाजी विकून मामांना शिकवलं. सोल्ड झालं, कॅरिड झालं, सध्या ‘सेंट हिम टू स्कूल’पर्यंत आले आहे, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाई स ऐकतात.